एका घराचे दोन उतारे

१

टेबलावरचं लाल गाठोडं जागेवर नाही, हे दीपमालाच्या ध्यानात आलं तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन वाजता बँकेकडून व्हॅल्युअर साहेब घराची किंमत ठरवायला येणार होते. आणि गाठोड्यात घराचे सगळे कागद होते: खरेदीखत, मंजूर नकाशा, घरपट्टीच्या पावत्या आणि परवाच काढून आणलेला सिटी सर्व्हेचा उतारा.

तिने टेबलाखाली पाहिलं. मग सोफ्याखाली, टीव्हीमागे, फ्रीजवर. फ्रीजवर गाठोडं असायचं काही कारण नव्हतं, पण या घरात कुठली वस्तू कुठे निघेल याचा नेम नव्हता. काल पक्कड पिठाच्या डब्यात सापडली होती.

आठ दिवस ती या एका भेटीसाठी मरमर मरत होती. बाथरूमचा गळका नळ बदलून झाला, हॉलच्या भिंतीची ओल खरवडून रंग दिला, मागच्या खोलीतलं भंगार काढलं, ओट्याच्या फुटक्या फरशा बसवल्या. नवरा हेमकांत दर कामाला ‘हो, करू’ म्हणायचा आणि करायची ती. सासूबाईंची तर गोष्टच वेगळी. सिंधुबाईंनी नेमके याच आठवड्यात गच्चीभर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडच, वाळत घातले होते. साहेब गच्ची मोजणार आहेत असं चारदा सांगून झालं. त्यांचं म्हणणं, साहेबाने कडेकडेने मोजावं, बिबड्यांनी काही घर लहान होत नाही. दीपमालाने कपाळावर हात मारून घेतला होता.

हे सगळं कशासाठी, तर एका एसटीसाठी. दीपमाला खापरच्या शाळेत शिक्षिका. अठरा वर्षं ती रोज शहाद्याहून खापरला जात होती आणि परत येत होती. पहाटे स्टँड गाठायचा, तळोदा, अक्कलकुवा करत खापर, आणि संध्याकाळी तेच उलटं. आता कमरेने दगा दिला होता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, बाई, हा प्रवास बंद करा, नाहीतर कायमचं अंथरूण धराल. अक्कलकुव्याला एक घर पाहून ठेवलं होतं. हे विकलं तर ते घेता येणार. घेणाऱ्याचं कर्ज मार्चअखेरपर्यंतच मंजूर होतं, आणि आजचा दिवस हुकला तर मी दुसरं घर बघेन, हे त्याने दोनदा बजावलं होतं.

दाराची कडी धड होती, खिडक्यांचे गज धड होते. सकाळपासून परका माणूस घरात आलेला नव्हता. म्हणजे गाठोडं उचलणारा याच घरात बसून चहा पीत होता.

२

सिंधुबाईंनी क्षणाचाही विचार न करता फुलीबाईकडे बोट केलं. फुलीबाई धडगावकडची, आवराआवरीसाठी आठ दिवस कामाला येत होती. मोलकरीण म्हणजे चोर, हे सासूबाईंचं गणित दीपमालाला पाठ होतं, आणि ऐकलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. फुलीबाईने मात्र हातातलं फडकं खाली ठेवलं आणि शांतपणे उत्तर दिलं.

“ताई, कागद म्हणजे काय ते मला माहीत आहे. आमच्या वनपट्ट्यासाठी माझा सासरा बारा वर्षं कचेरीत खेटे घालत होता. दुसऱ्याच्या घराचा कागद मी हात लावून पण बघणार नाही.”

दीपमालाला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. तिने फुलीबाईची माफी मागितली आणि दिराकडे वळली.

भूपेंद्र साडेनऊला नंदुरबारहून आला होता आणि तीन बशा पोहे हाणून सोफ्यावर लोळत होता. घर विकू नका असा त्याचा हट्ट होता. भाव वाढणार आहेत, अजून दोन वर्षं थांबा, असं तो दर फोनवर सांगायचा. खरी गोष्ट अशी की दिवाळी आणि उन्हाळ्यात आठ-आठ दिवस बायकापोरांना आणून टाकायची हक्काची जागा जाणार होती. गाठोड्याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, मी आलो तेव्हा टेबलावर काहीच नव्हतं. आणि वर हसून म्हणाला की देवाच्याच मनात नाही वाटतं. दीपमालाने त्याच्यासमोरची पोह्यांची बशी उचलून नेली.

राहिला हेमकांत. तो दाराशी उभा होता, हनुवटीवर कापसाचा बोळा चिकटवलेला. सकाळी दाढी करताना कापलं होतं. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकुनी केलेला माणूस, एक किलो इकडचा तिकडे होऊ न देणारा, पण घरातलं गाठोडं हरवलं तर ह्याच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती.

“सापडेल गं,” तो म्हणाला. “नाहीच सापडलं तर साहेबांना आठ दिवसांनी बोलावू.”

आठ दिवसांनी एप्रिल लागला असता, हे ह्या माणसाला कोणी सांगावं. दीपमाला सरळ मागच्या दारी गेली आणि कंपाउंडवरून करणसिंगबापूंना हाक मारली. हेमकांत तिच्यामागे आला. बापूंना कशाला त्रास, असं तो दोनदा म्हणाला.

३

करणसिंगबापू गिरासे भूमापन कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झालेले. लोकांच्या पणजोबांचे हरवलेले नकाशे शोधण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. शेजारात काही हरवलं, अंगठी असो की बोकड, बापूंनाच बोलावलं जाई. अडचण एकच होती. बापूंना घाई नावाची चीज ठाऊक नव्हती.

“पहिले च्या ठेव,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “काबरं घाबरी ऱ्हायनी बेटा? कागदले पाय ऱ्हातस का?”

साडेअकरा झाले होते. दीपमालाने दात-ओठ खात चहा ठेवला. बापू बशीत ओतून फुंकर मारत प्यायले, साखर कमी पडली म्हणाले, आणि मग सहज गप्पा माराव्यात तसं बोलू लागले. परवा हेमकांत त्यांच्याकडे येऊन गेला होता. उताऱ्यावर नवीन नाव चढायला किती दिवस लागतात, असं विचारत होता. घेणाऱ्याला भारी घाई दिसते, असं बापूंना वाटलं होतं. हेमकांत पाणी प्यायला आत गेला.

मग बापूंनी तिला सकाळ पहिल्यापासून सांगायला लावली.

सकाळी आठला तिने कपाटातून गाठोडं काढून टेबलावर ठेवलं. सव्वाआठला साहेबांच्या मदतनिसाचा फोन आला. तिचे हात साबणाचे होते म्हणून फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, दोन वाजता साहेब येतील, उतारा काढून ठेवा. मग विचारलं, मालक कोण कोण आहेत? ती म्हणाली, आम्ही दोघं. मग उताऱ्यावरची दोन्ही नावं आधारकार्डाशी ताडून बघू, दोघंही घरी राहा, असं सांगून त्याने फोन ठेवला.

“त्या वेळी घरात कोण कोण होतं?”

“आई देवापाशी होत्या. हे बेसिनपाशी दाढी करत होते.”

“कापी लिधं ते तव्हयच का?” बापूंनी हनुवटीवर बोट ठेवलं.

असेल, म्हणाली ती. दाढीचं काय घेऊन बसलेत हे, असं मनात म्हणाली. बापूंनी विचारलं, गाठोडं शेवटचं उघडलं कोणी? ह्यांनीच, ती म्हणाली. परवा उतारा आणला, तो ह्यांनीच आत ठेवला आणि गाठ मारली. मी बघू म्हटलं तर म्हणाले, उगाच उघडबांध नको, कागद इकडेतिकडे होतील, साहेबांसमोरच सोडू.

घरातली कागदपत्रं हे कायम हेमकांतचं खातं होतं. तिला कधी वेळच मिळाला नव्हता. सहा वाजता एसटीतून उतरणारी बाई खरेदीखत वाचत बसत नाही.

बापूंनी बशी खाली ठेवली आणि सिंधुबाईंना हाक मारली. पुढच्या पाच मिनिटांत जे ऐकायला मिळालं त्याने दीपमालाला हसावं की रडावं कळेना.

४

सिंधुबाईंनीही स्पीकरवरचा तो फोन ऐकला होता.

“साहेबनीच सांगं ना, उतारा काढी ठेवा म्हनीसन,” त्या ठसक्यात म्हणाल्या. “मी काढा. किती लोके घर देखी गयात. घरले नजर लागी जास. साहेब जानकार मानूस दिखस.”

म्हणजे झालं होतं असं की साहेबाला हवा होता कागदाचा उतारा, आणि सासूबाईंनी काढला होता नजरेचा. पत्रावळीवर भात, भाकरीचा तुकडा, गुलाल आणि दोन लिंबं घेऊन त्यांनी अख्ख्या घरावरून उतरवलं होतं. साहेब किंमत चांगली लावेल, असा त्यांचा हिशोब. त्यांचे गुडघे दुखतात, ओट्याच्या पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून पावणेनऊला पत्रावळ हेमकांतच्या हातात दिली आणि तिवाट्यावर ठेवून यायला सांगितलं. तो दुधाची पिशवी घेऊन निघालाच होता.

“पिशवी रिकामी व्हती?” बापूंनी विचारलं.

सिंधुबाईंनी आठवून पाहिलं. पिशवी फुगलेली होती. पण दूधवाल्याच्या रिकाम्या बाटल्या परत करायच्या असतील असं त्यांना वाटलं. त्यांच्याकडे दूध बाटलीत येणं बंद होऊन वीस वर्षं झाली होती.

मग फुलीबाईची पाळी. ती नऊला आली आणि आल्या आल्या टेबल पुसलं. टेबल तेव्हा मोकळंच होतं. म्हणजे भूपेंद्र आला त्याच्या आधी अर्धा तास गाठोडं गेलेलं होतं, आणि भूपेंद्र आपोआप सुटला. दीपमालाला उगाच वाईट वाटलं. तोच असता तर बरं झालं असतं.

“येताना वाटेवर काही दिसलं का बाई?” बापूंनी तिला विचारलं.

फुलीबाई जरा घुटमळली. तिवाट्यावर आज दोन उतारे होते, ती म्हणाली. एक पत्रावळीवर, एक लाल फडक्यात. झाडूवालीने दोन्ही सोडून भोवतीनं झाडलं होतं. तिला नवल वाटलं होतं, कारण फडक्यात बांधलेला उतारा तिने कधी पाहिला नव्हता.

दीपमाला अनवाणीच पळाली.

५

तिवाटा घरापासून शंभर पावलांवर. लोणखेडा रोडवरून आत वळणाऱ्या सगळ्या मोटारसायकली त्या कोपऱ्यावर वळसा घेऊन जात होत्या. रस्त्याच्या मधोमध, कडक उन्हात, अठरा वर्षांच्या तिच्या सगळ्या सकाळ-संध्याकाळी ज्याच्यावर लागल्या होत्या ते लाल गाठोडं पडलेलं होतं. त्यावर एक लिंबू ठेवलेलं आणि चिमूटभर गुलाल. शेजारी पत्रावळ. पत्रावळीवर दोन नाही, एकच लिंबू होतं.

शाळेत जाणारी, भाजी घेऊन येणारी, दवाखान्यात निघालेली कितीतरी माणसं सकाळपासून इथून गेली असतील. एकानेही हात लावलेला नव्हता. मागून पोचलेले बापूसुद्धा चार हात लांबच थांबले आणि घसा खाकरत म्हणाले, “तूच उचल बेटा.” दीपमालाने लिंबू उडवलं आणि गाठोडं छातीशी धरलं. गुलाल साडीला लागला. लागू दे मेला, असं ती मोठ्याने म्हणाली.

घरी आले तर हेमकांत ओट्यावर बसलेला. गाठोडं पाहताच तो उठून उभा राहिला. घाबरला की तो अहिराणीवर यायचा.

“मायनी सांगं उतारा ठेवी ये. तू बी आठ दिवसपाइन त्या कागदले उताराच म्हनस. मन्हा घोटाळा व्हई गया. मी ठेवी उनू.”

खरं सांगायचं तर दीपमालाचा विश्वास बसत होता. हा माणूस असला घोटाळा करू शकतो, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. ती तोंड सोडणार, एवढ्यात बापू ओट्यावर टेकले.

बापू म्हणाले, चूक झाली असती तर हेमकांतने दोन्हींतलं एक काहीतरी नेलं असतं. त्याने दोन्ही नेली. बरं, घाईत दोन्ही नेली असं धरू. पण कागदालाच उतारा समजणारा माणूस तो ठेवून मागे न बघता निघून येतो. पत्रावळीवरचं लिंबू उचलून गाठोड्यावर ठेवत नाही, वर गुलाल टाकत नाही. लिंबू ठेवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की हा उतारा नाही, आणि लोकांनी मात्र तो उताराच समजावा. नुसतं गाठोडं पाच मिनिटांत कोणीही उचललं असतं. लिंबू ठेवलं की आपल्या गावात दिवसभर कुलूप.

“चोर ऱ्हाता तं गोमाई नदीमा फेकता,” बापू म्हणाले. “हाई ठेवणाराले कागद गमाडना नही व्हता. फक्त दोन वाजाना टाइमले तो घरमा नको व्हता.”

भूपेंद्र आता सोफ्यावरून उठून दारात आला होता. सिंधुबाई देवघराच्या उंबऱ्यावर थिजल्या होत्या. दीपमालाने नवऱ्याकडे पाहिलं. सोळा वर्षं ह्या घरात, बावीस वर्षं ह्या माणसाबरोबर, आणि घर विकायचं नव्हतं तर तोंड उघडून ‘नको’ म्हणायला काय धाड भरली होती, असं तिने त्याला सगळ्यांसमोर विचारलं.

“विकायचं आहे,” हेमकांत खाली मान घालून म्हणाला. “देवाशप्पथ विकायचं आहे.”

“मग?”

बापू उठले, चपला घातल्या, आणि कारण गाठोड्यातच आहे, ते मी सोडणार नाही, असं सांगून कंपाउंडच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

६

गाठ घट्ट होती. तिने ती दातांनी सोडली. उतारा सगळ्यात वरच होता, कोरा करकरीत, शिक्क्याची शाई अजून गडद. मालकाच्या रकान्यात लिहिलं होतं: हेमकांत भिला पाटील. त्याच्याखाली काहीच नव्हतं.

तिने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

उताऱ्याखाली एक पिवळा पडलेला अर्ज होता. पत्नीचे नाव मिळकतीस लावणेबाबत. खाली तिची सही, वळणदार, जेव्हा ती सावकाश सही करायची तेव्हाची. तारीख सोळा वर्षांपूर्वीची. त्यावर कुठल्याही कचेरीचा आवकेचा शिक्का नव्हता.

मग हेमकांत बोलला. खरेदीच्या दिवशी तिची बस तळोद्याजवळ बंद पडली होती. निबंधकाकडे नंबर आला, दोनदा पुकारा झाला, घर विकणारा निघून चालला, म्हणून त्याने एकट्याच्या नावावर करून टाकलं. ती संध्याकाळी घामाघूम होऊन, रडवेली होऊन आली, तेव्हा त्याच्याच्याने सांगवलं नाही. झालं, दोघांच्या नावावर झालं, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी, कचेरीचा नेहमीचा कागद आहे असं सांगून, अर्जावर तिची सही घेतली. तो अर्ज उद्या देऊ, परवा देऊ, करत राहून गेला. परवा नवा उतारा हातात आला तेव्हा तो तडक बापूंकडे गेला. बापूंकडून त्याला कळलं होतं की बक्षीसपत्र करून नाव चढायला महिना लागतो. आणि आज सकाळी साहेबाचा माणूस म्हणाला, दोन्ही नावं ताडून बघू.

“महिनाभर गेला असता तर मी खरं करून टाकलं असतं,” तो म्हणाला.

दीपमालाला राग यायला हवा होता, पण आठ दिवसांत तो इतका वापरून झाला होता की आता उरला नव्हता. उरलं होतं ते निराळंच होतं आणि जास्त दुखत होतं. ह्या घराचे पतसंस्थेचे हप्ते तिच्या पगारातून गेले होते. पाहुण्यांना ती मोठ्या तोऱ्यात सांगायची, आमच्या घरी बाईचं नाव कागदावर आहे. शाळेत मुलींना सांगायची. खापरच्या वर्गात उभं राहून किती वेळा सांगितलं असेल.

पावणेदोनलाच व्हॅल्युअर साहेब आले. पंचविशी-तिशीचा मुलगा, हातात मोजायचा टेप, बोलायला गोड. त्याने उतारा वाचला आणि हसून म्हणाला, “मालक एकटे सरच आहेत. मग ताई, तुमची सही लागणार नाही.”

दीपमालाने त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि विचारलं की आज मोजमाप करून पुढच्या महिन्यात उताऱ्यावर तिचं नाव लागलं तर काय होईल. तो म्हणाला, रिपोर्टात मालक बदलला की बँकेची फाइल पहिल्यापासून करावी लागते. घेणाऱ्याची मुदत तर ह्या मंगळवारी संपते. आज आहे तसं होऊ द्यावं, हे सोयीचं.

हेमकांत लगेच पुढे झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आज मोजू दे, तो म्हणाला, तुझी कंबर बघ, तुझा प्रवास बघ. अक्कलकुव्याचं घर घेताना तुझ्या एकटीच्या नावावर घेऊ. ह्याचं काय, हे तर विकायचंच आहे.

त्याचं खरं होतं. सगळा शहाणपणा त्याच्याच बाजूने होता. तिची कंबर आत्ता, ह्या क्षणीसुद्धा ठणकत होती, आणि हे गिऱ्हाईक गेलं तर दुसरं कधी येईल हे सांगता येत नव्हतं. आणखी एक पावसाळा, कदाचित दोन, त्याच रस्त्याने त्याच खड्ड्यांतून जावं लागलं असतं. हे सगळं तिला नीट कळत होतं.

तिने उतारा घडी करून पिवळ्या अर्जावर ठेवला.

“मग पहिल्यापासून करू,” ती साहेबाला म्हणाली. “तुम्हाला हेलपाटा पडला, चहा घेऊन जा.”

साहेब गोंधळून हेमकांतकडे बघू लागला. दीपमाला फाटकापाशी गेली आणि बापूंना म्हणाली, आत या, बक्षीसपत्राला काय काय लागतं ते ह्यांना लिहून द्या, ह्यांच्या ध्यानात राहत नाही. मग ती हेमकांतकडे वळली.

“विकायचं तर आहेच,” ती म्हणाली. “पण आधी माझं होऊ द्या. मग मी विकेन.”